मोकळी सोडलेली घोडी

घोडीचा पाय गेला तेव्हा शर्यत संपायला अजून बराच रस्ता होता. आमच्याकडं जत्रेत घोडागाड्या पळवतात. हलका छकडा, त्याला एक घोडं आणि वर एक हाकणारा. आमची घोडी काका हाकायचे. वळणावर दुसऱ्या गाडीचं चाक आत घुसलं, घोडी डांबरावरून खाली खडीत उतरली आणि तिचा पुढचा उजवा पाय चरीत गेला. ती वाकली, पण पडली नाही. काकांनी चाबूक ओढला. उरलेला सगळा रस्ता ती त्या पायावर पळाली आणि दुसरी आली. लोकांनी काकांना खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. घोडीला छकड्यातून सोडायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ते अप्पांनी केलं.

अप्पा म्हणजे माझे वडील. ही नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. जयसिंगपुरात आमचं पेंड-भुशाचं दुकान होतं, ते अप्पा आणि काका मिळून बघायचे. गावाबाहेर मळा होता. आम्ही लिंगायत, आईला अव्वा म्हणायचो. अप्पा आणि अव्वा भांडायला लागले की कानडीत बोलायचे, एरवी मराठीत. मी कॉलेज संपवून घरात होते. म्हणजे माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं आणि मला दुसरं काही काम नव्हतं.

कोल्हापूरला शाहूपुरीत जनावरांचे एक डॉक्टर होते, त्यांना घोड्यांतलं कळायचं. अप्पांनी त्यांना बोलावून आणलं. तोवर पाय गुडघ्याखाली केळीच्या बुंध्यासारखा सुजला होता. डॉक्टरांनी उकिडवं बसून पायावरून बराच वेळ हात फिरवला.

"हाड शाबूत आहे," ते म्हणाले. "मागची शीर फाटली आहे. हाड सांधतं तशी शीर पटकन सांधत नाही, वर्ष घेते. आणि त्या वर्षात घोडीला मोकळं केव्हा सोडायचं, यातच सगळं आहे. लवकर सोडलीत तर एका उडीत पुन्हा फाटेल. सोडलीच नाहीत तर शीर आखडेल, आणि बांधून बांधून घोडी डोक्यानं जाईल."

"पळंल का पुन्हा?" अप्पांनी विचारलं.

"आधी चालू द्या."

पायात उष्णता आहे का, हे रोज हातानं बघायला कुणीतरी हवं होतं. आधी चांगल्या पायावर तळहात ठेवायचा, मग दुखऱ्या. फरक लागला की समजायचं, शीर अजून पेटलेली आहे. डॉक्टरांनी काकांना हात लावायला सांगितला, अप्पांना सांगितला. मग मी सहज लावला. मला फरक लगेच कळला.

"मी बघतो रोज," मी म्हटलं. आमच्याकडं पोरीही 'मी बघतो, मी जातो' असंच बोलतात.

त्या उन्हाळ्यात अप्पांनी घोडीसाठी जे केलं, ते त्यांनी कुठल्या माणसासाठी केलेलं मी पाहिलं नव्हतं. सकाळी मोटर चालू करून पाण्याची धार पायावर धरायची. मग आंबेहळद आणि तुरटीचा लेप, त्यावर पट्टी. हरभरा बंद, कारण नुसत्या उभ्या असलेल्या घोडीला मस्ती चढली असती. अप्पा तिच्याशी बोलायचे. "झालं बाई, झालं, एवढं सोस." आमच्याशी त्यांचं बोलणं कामापुरतं असायचं.

एकदा मी लेप वाटत होते आणि अव्वा दारातून बघत होती. ती म्हणाली, "माझा हात मोडलेला तवा प्लास्टर निघायच्या आधी भाकऱ्या बडवल्या म्या. तवा कोण आलतं लेप लावायला?"

अप्पा पट्टी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "तुझ्या हातावर जत्रा जिकायची न्हवती."

काका मोठ्यानं हसले. अव्वा आत गेली. मी वाटत राहिले.

सूज उतरली, पण पाय पूर्ण गार होईना. काकांचा धीर सुटला. त्यांचं म्हणणं, तापल्या सळईनं डाग दिल्याशिवाय शीर धरत नाही. सगळ्या गावांत असंच करतात, डॉक्टर काय, पुस्तकातलं सांगतोय. अप्पा आधी नको म्हणाले. काका रोज तेच बोलायला लागले आणि एक दिवस अप्पा काहीच बोलले नाहीत. काकांनी तो होकार धरला.

डाग देणाऱ्यानं घोडीचा वरचा ओठ दोरीच्या फासात धरून पिळला. तिथं पिळलं की जनावर हलत नाही, सगळा जीव त्या ओठात जातो. काकांनी फास धरला, अप्पांनी डावा पाय उचलून धरला, म्हणजे तिला दुखऱ्या पायावर उभं राहणं भाग पडलं. सळई लाल करून त्यानं गुडघ्याखाली नळीच्या मागं आडव्या रेघा ओढल्या. जळक्या केसांचा वास आला, मग दुसरा वास आला. घोडी ओरडली नाही. तिच्या अंगातून घाम मात्र असा निथळला की खाली माती काळी झाली. अप्पांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. ते मंत्र म्हणत होते.

डॉक्टर पुढच्या खेपेला आले, पाय बघितला आणि त्यांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही. "ज्यानं हे केलं त्याच्याकडूनच आता पुढचं करून घ्या," म्हणाले. अप्पा त्यांच्या मागोमाग रस्त्यापर्यंत गेले, हात जोडले. डॉक्टर परत आले ते घोडीसाठी, अप्पांसाठी नाही, हे त्यांनी बोलूनही दाखवलं. जखमा चिघळल्या होत्या. त्या बऱ्या होईपर्यंत पावसाळा अर्धा सरला आणि घोडी उभीच होती. पुढं दावं, मागं पिछाडी. दिवसभर ती एका जागी झुलायची. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. गव्हाणीचं लाकूड तिनं कुरतडून कुरतडून खाल्लं. मी जवळ गेले तर कान पाडून दात दाखवायची. माझ्या दंडाला ती एकदा चावली, तो वण अजून आहे.

त्याच सुमारास कर्नाटकाच्या सीमेपलीकडून एक स्थळ आलं. मी घाईत हात धुतले होते, तरी लेपाचा वास जात नव्हता. मुलाची आजी म्हणाली, "जरा चालून दाखव, बाळ." मी भिंतीपासून दारापर्यंत गेले आणि परत आले. "पुन्हा एकदा," ती म्हणाली. मी पुन्हा गेले. कोपऱ्यात बसलेल्या काकांना हसू आवरेना. पोरगी घोड्यामागं फिरते म्हणून मुलाकडच्यांनी नंतर नकार कळवला. अव्वा रडली. अप्पा मला म्हणाले, "जाऊ दे. घोडी बरी हूस्तवर तू हितंच ऱ्हा." मला त्या वेळी ते प्रेमाचं वाटलं.

दसऱ्याच्या सुमारास डॉक्टरांनी तिला दोरीवर फिरवायची परवानगी दिली. रोज सकाळी मी तिला मळ्याच्या वाटेनं न्यायची, थोडं थोडं वाढवत. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे, कुणी काही बोलायचेही. घोडी मात्र बदलली. दारातून बाहेर पडली की तिची मान सैल पडायची. पाय गार लागायला लागला. मग डॉक्टर म्हणाले की आता तिला थोडं मोकळं सोडायला हवं, पण लहान जागेत, मऊ जमिनीवर, पळता येणार नाही एवढ्यातच.

अप्पांनी घरामागच्या विहिरीच्या कडेला बांबूंचं कुंपण केलं, आतली जमीन स्वतः कुदळीनं भुसभुशीत केली, एकेक खडा वेचला. मी दावं सोडलं. घोडी आधी उभीच राहिली, सोडलंय हे तिला कळलंच नाही. मग तिनं मान खाली घालून माती हुंगली, गुडघे टेकले आणि लोळली. चारी पाय वर. उठून तिनं अंग झाडलं, आणि मग एक उडी मारली. नुसती एक. अप्पा ओरडत कुंपणातून आत शिरले.

दुसऱ्या दिवशी पाय किंचित गरम होता. अप्पांनी तिला पुन्हा बांधून टाकलं.

"डॉक्टर म्हणालेत, एवढं गरम हुणारच," मी म्हटलं. "रोज थोडं थोडं सोडूया, अप्पा. सवय झाली की न्हाय उडी मारणार."

"आणि फाटली तर? तू भरून देणार?"

"बांधून ठेवली तर ती मरंल."

"मरत न्हाय. पूर्ण बरी हू दे, मग सोडू की. एकदाच."

हा वाद दिवाळीपर्यंत चालला. ते दुकानावर गेले की मी तिला कुंपणात सोडायची, ते यायच्या आत बांधायची. अव्वाला माहीत होतं. ती वाटेकडं लक्ष ठेवायची आणि अप्पांची स्कूटर दिसली की भांडं आपटायची. घोडीवर तिचं कधीच प्रेम नव्हतं. अप्पांना न कळता काहीतरी चाललंय, एवढंच तिला पुरत होतं. पाय गार राहिला. घोडी झुलायची थांबली. डॉक्टरांनी येऊन पाहिलं आणि अप्पांना सांगितलं की आता हिला मळ्यात सोडा. अप्पांना वाटलं, आपण बांधून ठेवली म्हणूनच ती बरी झाली. आम्ही दोघी गप्प बसलो.

मळ्यात कापणी झालेल्या तुकड्यात ती थंडीभर चरली. तिचे ते दिवस चांगले गेले. माझेही.

संक्रांतीच्या आधी डॉक्टरांनी शेवटची तपासणी केली. काकांनी तिला डांबरी रस्त्यावर दुडक्या चालीनं पळवलं. जाताना, येताना. डॉक्टर बाजूला उभे राहून तिच्या मानेकडं बघत होते. उजवा पाय टेकला की तिची मान वर जात होती. अगदी थोडी. लंगडणं मानेत दिसतं, एकदा दाखवल्यावर मलाही दिसायला लागलं.

"ही आता गाडीला लागणार नाही," डॉक्टर म्हणाले. "डागाखाली शीर कडक झाली आहे. मळ्यात फिरेल, खाईल, पुष्कळ वर्षं जगेल. तिला आता काही दुखत नाही. पण ओझं ओढायला लावलंत की पाय जाणार."

"म्हंजे बरी झाली की न्हाय?" काकांनी विचारलं.

"घोडी म्हणून झाली. शर्यतीला नाही."

अप्पांनी डॉक्टरांना चहा दिला, गाडीपर्यंत सोडलं. त्या दिवसानंतर ते घोडीकडं फिरकले नाहीत. मला आधी कळलं नाही. पाणी, वैरण, खरारा, सगळं मीच करत होते, तेव्हा ते येत नाहीत हे जाणवायला वेळ लागला. मग एकदा मी त्यांना म्हटलं, जरा बघा की, किती छान फिरतीया. ते म्हणाले, "हूं." पेपरातून मान वर केली नाही.

घरात बोलणं काकांनी काढलं. बसून खाणारं जनावर कशाला ठेवायचं. विकायची तर लंगडी घोडी घेतो कोण, आणि घेणारा कशासाठी घेतो ते सगळ्यांना माहीत. ते पाप आम्ही करणार नव्हतो. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. "त्यापरीस सोडून देऊ," काका म्हणाले. "नदीकाठाला गवताला तोटा न्हाय. देवाची वाट तिला मोकळी."

मी अप्पांकडं बघितलं. वर्षभर जे 'सोडू नको, सोडू नको' म्हणत होते ते म्हणाले, "व्हय. सोडू."

मी भांडले. रडले. सगळी वैरण मी कापून आणतो म्हटलं. अप्पा म्हणाले, "तू किती दिस हाईस हितं?"

अप्पांनी त्या दिवशी आंघोळ करून कपाळाला विभूती लावली. घोडीला हळदकुंकू वाहिलं, गुळाचा खडा चारला, तिच्या पायांना हात लावून नमस्कार केला. मग काकांनी तिला टेम्पोत चढवलं आणि कृष्णेच्या पलीकडं गवतात सोडून आले.

दोन-तीन दिवसांनी सकाळी मी अंगण झाडत होते आणि ती बोळात उभी होती. पूल ओलांडून, बाजारातून, ट्रकांमधून वाट काढत आली असणार. गुडघ्यावर खरचटलं होतं. मला बघून ती हलक्या आवाजात घुरघुरली, वैरण घेऊन गेलं की करायची तशी. मी केरसुणी टाकून तिच्या गळ्यात हात घातला.

अप्पा बाहेर आले. बोळातल्या बायका दारात आल्या होत्या. त्या हसत होत्या, कुणीतरी म्हणालं, "आली बघा माहेराला." अप्पांचा चेहरा पडला. ते आत गेले आणि काकांचा चाबूक घेऊन आले. अप्पांनी त्या घोडीवर कधी चाबूक उचलला नव्हता. पहिला फटका तिच्या तोंडावर बसला. तिला वाटलं, आत जायला सांगतायत. ती त्यांच्या अंगावरून गोठ्याच्या दाराकडं वळली. त्यांनी पुन्हा मारलं. ते मारत होते आणि ती आत शिरायला बघत होती. काकांनी येऊन दगड उचलला, तेव्हा ती मागं सरली. अव्वानं मला मागून कवळा घालून धरलं होतं. "बघू नगं," ती म्हणत होती, आणि स्वतः बघत होती.

त्या दिवशी टेम्पो लांब गेला. घोडी पुन्हा आली नाही.

उन्हं तापायला लागली तेव्हा दुकानात आलेल्या एका शेतकऱ्यानं सांगितलं, तुमची घोडी नदीकडच्या वीटभट्टीवर विटा वाहतीया. मी अप्पांना म्हटलं, तुम्ही आला न्हाय तर मी एकटी जातो. दुपारी त्यांनी स्कूटर काढली. डिकीत त्यांनी नवीन दावं ठेवलेलं मी पाहिलं. रस्ताभर मी त्या दाव्याचाच विचार करत होते. तिला मागून चालवत आणायची, घाई करायची नाही, मध्ये पाणी पाजायचं.

भट्टीवर गाढवांच्या रांगेत ती होती. अंगावर गोणपाटाचं खोगीर, दोन्ही बाजूंना विटा. पाठीवर फोड फुटून माश्या बसल्या होत्या. उजवा पाय ती टेकत होती आणि पटकन उचलत होती. अप्पांनी स्कूटर बंद केली. मी अजून उतरले नव्हते, एवढ्यात तिनं मान वर केली. स्कूटरचा आवाज तिनं ओळखला होता. ती खिंकाळली आणि रांग सोडून विटांसकट आमच्याकडं यायला लागली.

भट्टीवाला धावत आला, तिला दोरीनं मागं खेचलं. तिथं पाच-सहा माणसं काम करत होती, तीही थांबली.

"पावणं, तुमची हाय व्हय ही?" त्यानं विचारलं. "वळखलं जणू तुमास्नी. गवतात सापडली आमास्नी. पाय बघा हिचा, भाजलेला हाय. असलं जनावर कोण टाकून जातंय वो? गावला तर जोड्यानं मारीन मी त्याला."

कामावरचे लोक अप्पांकडं बघत होते. अप्पांचे धुतलेले पांढरे कपडे, कपाळावर विभूती.

"न्हाय," अप्पा म्हणाले. "आमची न्हाय."

"आपलीच हाय!" मी ओरडले.

अप्पांनी माझा दंड धरला, घोडी चावली होती तिथंच. "पोरीला घोड्यांचा नाद हाय," ते त्याला म्हणाले. "तसली एक हुती आमच्याकडं. ती मेली."

मी दंड सोडवून घोडीपाशी गेले आणि खाली बसून पायावर हात ठेवला. तव्यासारखा तापला होता. तिनं माझ्या खांद्यावर तोंड ठेवलं. मी भट्टीवाल्याला म्हटलं, हिचा पाय फाटलाय, हिला ओझं चालत न्हाय.

"चालतीया की अजून," तो म्हणाला. मग जरा नरमून म्हणाला, "घेऊन जा तुमची आसंल तर. मला काय. तुमच्या वडलांनी व्हय म्हणू दे."

मी वळून बघितलं. अप्पा स्कूटर चालू करत होते.

घरी अव्वानं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दुसरीच हुती." मी म्हटलं, न्हाय, आपलीच हुती. त्यांनी माझ्या तोंडात मारली. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं एकटी कोल्हापूरला गेले. शाहूपुरीतल्या दवाखान्यात डॉक्टर कुणा म्हशीच्या मालकाशी बोलत होते. मी सांगितलं आणि ते ऐकत राहिले. "मालकानंच नाही म्हटलं, तर मी कुणाच्या नावानं आणू?" ते म्हणाले. तरी त्या आठवड्यात ते स्वतः भट्टीवर गेले. घोडी तिथं नव्हती. काम लवकर उरकून त्या लोकांनी जनावरं कर्नाटकात पुढच्या भट्टीवर नेली होती. की ती मेली होती आणि नेल्याचं नुसतं सांगितलं होतं, कुणास ठाऊक. डॉक्टरांनी मला दोन्ही सांगितलं. लपवलं नाही.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी कोल्हापुरात आले. अप्पांनी नवीन शिंगरू घेतलं होतं. माहेरी गेले की ते म्हणायचे, जरा पायाला हात लावून बघ, तुला कळतंय. मी हात लावला नाही. त्यांनी दोनदा विचारलं, मग सोडून दिलं.

दोन हजारनंतर शर्यतीही कमी झाल्या. काका गेले. अप्पा थकले, त्यांना खाटेवर बसून जुन्या गोष्टी सांगायची हौस आली. एका सुट्टीत माझा मुलगा त्यांच्याजवळ बसला होता. अप्पा त्याला त्या घोडीचं सांगत होते. फाटक्या पायानं दुसरी कशी आली ते, आणि मग आपण तिला वर्षभर कसं जपलं ते. ते खरं होतं, आणि त्यांचे डोळे भरून आले होते, तेही खोटं नव्हतं.

"मग काय झालं तिचं?" मुलानं विचारलं.

"काय हुणार. म्हातारी झाली आणि आपल्या दावणीलाच गेली. माझ्या मांडीवर मान ठिवून."

मी भाजी निवडत होते. "न्हाय," मी म्हटलं. "आजोबांनी तिला मारून घालवली. मग ती वीटभट्टीवर विटा वाहत होती. तिनं आजोबांना ओळखलं, आजोबांनी तिला ओळखलं न्हाय."

मुलगा हसला, त्याला थट्टा वाटली. मग त्यानं आमच्या दोघांच्या तोंडाकडं पाहिलं आणि तो उठून अंगणात गेला.

अप्पा चादरीचं टोक चोळत बसले. अव्वा आतून चहा घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं कप त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "गार हुतोय. प्या."

अप्पांनी चहा प्यायला.